डावी-उजवी

११ फेब्रुवारी, मंगळवार. हातातलं काम: पेरणी यंत्राच्या जुन्या नकाशांची फाइल. कागदावरचे सपाट नकाशे स्कॅन होऊन माझ्याकडे येतात. समोरून दिसणारं एक चित्र, वरून एक, बाजूनं एक. ती बघून संगणकात अख्खी वस्तू उभी करायची. घन. जाडीसकट, वळणांसकट, भोकांसकट. मग गिऱ्हाइकाच्या मशीनला वाचता येईल अशा फाइलीत ती काढायची आणि पाठवून द्यायची. पाठवली की माझा संबंध संपला. ती वस्तू पुढे लोखंडात कशी दिसते, हे मी कधी बघितलेलं नसतं.

त्या दिवशी बघितलं.

मृणालनं काचेच्या खोलीतून हाक मारली, "अक्का, जरा आत या." आत मंजुनाथ सर होते, आमचे मॅनेजर. मृणाल होती, आमची टीम लीड. शेजारी निखिल, नागपूरचा इंजिनिअर. भिंतीला टेकून दोन नवीन मुली उभ्या होत्या, नुकत्या कॉलेजातून आलेल्या. टेबलावर एक ब्रॅकेट ठेवलेलं. कोरं, तेल लावलेलं, एका बाजूला वाकवलेलं. मी ओळखलं. मागच्या महिन्यात माझ्या पडद्यावर होतं ते. हातात घेतलं तर गार लागलं. क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग सरांनी त्याच्या शेजारी दुसरं ब्रॅकेट ठेवलं. जुन्या यंत्रावरून काढलेलं, गंजलेलं. गिऱ्हाइकानं अमेरिकेहून दोन्ही पाठवली होती. मापं तीच, भोकं तीच, वाक तोच. पण दोन तळहात शेजारी ठेवावेत तशी दिसत होती. एक डावं, एक उजवं. आमचं उलटं निघालं होतं. कुठल्याच यंत्राला बसणार नव्हतं.

सर म्हणाले, "अक्का, लेफ्ट-राइट नहीं मालूम क्या?"

मी म्हटलं, "मैंने पूछा था, सर."

"किससे?"

मी मृणालकडे बघितलं. ती लॅपटॉपकडे बघत होती. शांतपणे, समजूतदार आवाजात ती सरांना म्हणाली, "सर, मॉडेल अक्का ने बनाया है. चेकिंग में मुझसे छूट गया, वो मेरी गलती." एवढाच वाटा तिनं उचलला. नजरेतून सुटलं, एवढाच. बाकीचं सगळं माझ्या पदरात घातलं.

आणि मग मान निखिलकडे वळवून, हळू आवाजात, मराठीत म्हणाली, "अरे, यांच्या घरी चपला शिवतात. तिथंपण दोन्ही पायांच्या डाव्याच निघत असतील."

निखिल हसला. हसू गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. सरांना मराठी येत नाही. पण दोघं हसले म्हणून सरही हसले. भिंतीजवळच्या मुलींनाही काही कळलं नव्हतं. त्याही हसल्या.

त्या खोलीत मराठी कळणारी तीन माणसं होती. मी धरून. कुणाला कळू नये म्हणून ती मराठीत बोलली. म्हणजे तिनं मला माणसांत मोजलंच नव्हतं.

ब्रॅकेट टेबलावर ठेवलं. हाताला तेल लागलं होतं, ते ओढणीला पुसलं आणि बाहेर आले.

चूक काय झाली ते सांगते, कारण चूक झाली होती. आपल्याकडे नकाशा काढताना वरून दिसणारं चित्र खाली काढतात. अमेरिकेत ते वर काढतात. आपली रीत फर्स्ट अँगल, त्यांची थर्ड अँगल. कुठली रीत आहे ते सांगणारी बारीकशी खूण कागदाच्या कोपऱ्यात असते. या यंत्राचे नकाशे सरमिसळ होते. काही इथल्या कारखान्यात काढलेले, काही तिकडून आलेले. कागद जुने, कोपरे फाटलेले. खूण गेली की त्याच रेघांमधून दोन वस्तू निघतात. एक डावी, एक उजवी. बहुतेक वेळा आतल्या लपलेल्या रेघांवरून कळतं कुठली खरी. या ब्रॅकेटची भोकं आरपार होती. लपलेलं काही नव्हतंच. अशा वेळी डोकं लढवून उपयोग नसतो. विचारावंच लागतं.

मी विचारलं होतं. मृणालच्या टेबलाशी जाऊन, नकाशा दाखवून. आमच्यात रीतच तशी होती. शंका गिऱ्हाइकाला पाठवायची नाही. मृणाल म्हणायची, प्रश्न पाठवले की त्यांना वाटतं या लोकांना काम येत नाही. प्रश्न माझ्याकडे आणा, मी आहे ना. निखिल मात्र तिला मेल करायचा आणि तिचं उत्तर मेलवर घ्यायचा. नवीन मुलीही तसंच करायच्या. मी एकटी तोंडी विचारायची. आपल्या माणसाकडून लेखी काय घ्यायचं, असं मला वाटायचं.

तिनं नकाशाकडे बघितलंही नव्हतं. जेवताना डब्यातला घास मोडत म्हणाली होती, "सगळे आपल्याकडचेच आहेत हो त्यातले. फर्स्ट धरा आणि पुढे चला."

मी धरलं.

आपलं माणूस. हा शब्द मी इतक्या वर्षांत या शहरात कुणाला लावला नव्हता. मी निपाणीकडची. आयटीआयला ड्राफ्ट्समन केलं, लग्न होऊन इथं आले. नवरा पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात लेथवर. ऑफिसात हिंदी, बसमध्ये कन्नड, दुकानात 'स्वल्प कमी करा' असली खिचडी, आणि मराठी फक्त घरात. दोन वर्षांपूर्वी मृणाल पुण्याहून लीड होऊन आली. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "तुम्ही मराठी? अहो, किती बरं वाटलं. मला मॅडम नका म्हणू. अगं म्हणा." तिनं माझ्या डब्यात हात घातला. शेंगदाण्याची चटणी तिला इतकी आवडली की मी रोज जास्तीची आणू लागले. ती माझ्या डब्यात हात घालते, याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. आमच्या गावात तो अर्थ फार मोठा असतो.

माझी जात तिला मीच सांगितली. तिनं विचारली नव्हती. एकदा माझ्या पायातल्या चपला बघून म्हणाली, कुठून घेतल्या? मी म्हटलं, विकत नाही घेतल्या, भावानं शिवल्या. वडीलही हेच करायचे. ती म्हणाली, "वॉव, म्हणजे एकदम ओरिजिनल." मला गंमत वाटली. लपवायची सवय लागलेली गोष्ट कुणी तरी 'वॉव' म्हणून उचलली, म्हणून मी आणखी सांगत गेले.

वडिलांचं सांगितलं. ते कागदावर माणसाचा पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचे. त्या सपाट रेघेतून पुढे उभी चप्पल निघायची. वडिलांना लिहिता येत नव्हतं. कागदांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर 'डा' आणि 'उ' मी लिहायची. मी नकाशावर काढलेली पहिली अक्षरं ती.

गावातल्या मास्तरांचंही सांगितलं. त्यांनी वडिलांकडून चपला करून घेतल्या होत्या. द्यायला मी बरोबर गेले होते. वडिलांनी त्या अंगणात ठेवल्या आणि मागे सरकून उभे राहिले. मास्तरांच्या बायकोनं आतून तांब्या आणला, चपलांवर पाणी शिंपडलं, मग मास्तरांनी त्या पायात घातल्या. दोन पावलं चालून बघितलं. म्हणाले, "बरोबर बसल्या." वडील हसले. त्यांना खरंच आनंद झाला होता. मला त्यांच्या आनंदाचीच जास्त लाज वाटली होती.

हे ऐकून मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला चांगलं आठवतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "काय लोक असतात ना."

मग तिनं चपला मागितल्या. दिवाळीत घरच्या पूजेला साडीवर घालायला. मी म्हटलं, माप लागेल. ऑफिसातच एका जुन्या प्रिंटच्या पाठीवर तिनं पाय ठेवला. मी खाली बसून भोवती पेन्सिल फिरवली. आधी डावा, मग उजवा. अक्षरं लिहिली. ती माझ्या डोक्यावरून निखिलशी बोलत होती. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. भावानं जीव लावून शिवल्या, रात्रीच्या गाडीनं पाठवल्या, मी यशवंतपूर स्टेशनला जाऊन उतरवून घेतल्या. मृणालनं पायात घातल्या, दोन पावलं चालली आणि म्हणाली, "परफेक्ट."

काचेच्या खोलीत ती ते वाक्य बोलली तेव्हा तिच्या पायात त्याच चपला होत्या. एक डावी, एक उजवी.

दुपारी ती डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. नेहमीसारखीच. मी चटणी आणली होती, ती बाहेर काढली नाही.

"रागावलात का?"

मी जेवत राहिले.

तिनं आवाज खाली आणला. संध्याकाळी अमेरिकेबरोबर कॉल आहे, म्हणाली. गिऱ्हाईक चिडलंय, पुढचं काम काढून घेईल. कुणी तरी जबाबदारी घेतली की ते थंड होतात, त्यांची पद्धतच आहे. मी लीड आहे, माझ्याकडून असं झालं म्हटलं तर सगळ्या टीमवर येतं. तुम्ही फक्त म्हणा, माझ्या समजण्यात चूक झाली, सॉरी. दोन मिनिटांचं काम.

मी विचारलं, "फर्स्ट धरा असं तू म्हणाली होतीस, ते आठवतंय ना तुला?"

"अहो, बोलण्याच्या ओघात म्हटलं असेल. तुम्ही पण ड्रॉइंग बघून ठरवायचं ना."

"आणि सकाळी निखिलला काय म्हणालीस?"

तिचा हात थांबला. मी ऐकलं असेल हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मग ती हसली. "ते होय? गंमत हो अक्का. तुम्हीच तर सांगता ना घरच्या गोष्टी इतक्या मोकळेपणानं. मला वाटलं तुम्ही त्याच्या पलीकडे गेलाय."

मी डबा बंद केला. पलीकडे जायचं ते मी. ती जिथं होती तिथंच बसून राहणार, आणि जाणं माझं.

उठताना ती म्हणाली, "बघा, तुमचं नाव तिकडे कुणाला माहीत आहे? तुम्हाला काय फरक पडतो?"

फरक काय पडतो ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या नावावर अशी चूक लागते त्याला मॉडेलिंगवरून काढतात आणि स्कॅनिंगच्या टेबलावर बसवतात. बाथरूमच्या शेजारचं टेबल. दिवसभर कागद सरळ करायचे आणि काचेवर ठेवायचे. तिथून परत आलेलं कुणी मी बघितलं नाही. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार होतं? शिवाय मला हे काम आवडतं. सपाट रेघांमधून वस्तू उभी राहते आणि पडद्यावर फिरवून तिची मागची बाजू बघता येते, तो क्षण मला अजूनही आवडतो. तेच जाणार होतं.

संध्याकाळी कॉल झाला. मला एरवी कॉलवर कधी बसवत नाहीत. त्या दिवशी खुर्ची दिली, मृणालच्या शेजारची. पडद्यावर अमेरिकेतला एक माणूस, हातात आमचं उलटं ब्रॅकेट. मृणाल छान इंग्रजीत बोलली. आमच्या मॉडेलरकडून नकाशा वाचण्यात चूक झाली, तिलाच तुमची माफी मागायची आहे. आणि माझ्याकडे वळून नजरेनं म्हणाली, चला.

मला इंग्रजी तोडकंमोडकं येतं. तेवढंच वापरलं. मी म्हटलं, मॉडेल मी केलंय. कागदाचा कोपरा फाटलेला होता. मी विचारलं. मला फर्स्ट अँगल सांगितलं. मी फर्स्ट अँगल केलं. मी एकटी सॉरी म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या माणसानं विचारलं, कुणी सांगितलं?

मी म्हटलं, "मृणाल."

माझ्याकडे पुरावा काही नव्हता. तोंडी बोललेल्याचा पुरावा नसतो, म्हणून तर तोंडी बोलायचं असतं. मला तो द्यायचाही नव्हता. फक्त ते वाक्य त्या खोलीत माझ्या आवाजात उच्चारलं जायला हवं होतं.

सरांनी घाईघाईनं माइक बंद केला आणि मृणालकडे बघितलं. ती म्हणाली, "सर, मुझे याद नहीं."

मी सकाळपासून याचीच वाट बघत होते बहुतेक. ती 'नाही' म्हणाली असती तर ते खोटं ठरलं असतं. 'आठवत नाही' यात तिला काहीच तोशीस नव्हती. माझ्या डब्यातलं आठवतं. माझ्या बापाचं आठवतं, चारचौघांत सांगण्याइतकं. एवढंच आठवत नाही.

कॉल संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. वैतागले होते. गिऱ्हाइकासमोर घरचं भांडण काढायचं नसतं, म्हणाले. मग म्हणाले, "सुबह तक सॉरी का मेल लिख दो, अक्का. नहीं तो कल से स्कॅनिंग. सरी?"

मी सरी, म्हणजे कन्नडातलं 'ठीक आहे', म्हटलं नाही. पिशवी उचलली.

बसमध्ये गर्दी होती. यशवंतपूरच्या मार्केटपाशी कांद्याची पोती उतरत होती, बस तिथं अडकून पडली. तेवढ्यात भावाचा फोन आला. तो मला अक्का म्हणतो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला तेच म्हणतात. ऑफिसातल्या सगळ्यांनी ते त्याच्या फोनवरूनच उचललं होतं. मला माया वाटायची त्यात. त्या दिवशी बसमध्ये लक्षात आलं, की माझ्याच वयाच्या हिशेबनीस बाईंना सगळे मॅडम म्हणतात. झाडू मारणाऱ्या बाईला अक्का म्हणतात आणि मला.

भाऊ म्हणाला, "अक्का, त्या पुण्याच्या बाईंच्या आईच्या चपला करायच्या हुत्या न्हवं? माप धाडलं न्हाईस अजून. चामडं भिजवू का नको?"

"नको."

"का गं? काय झालं?"

मी त्याला सांगितलं. ती चपलांबद्दल काय बोलली तेही सांगितलं, जसंच्या तसं. मला वाटलं आता म्हणेल, जाऊ दे, नोकरी सांभाळ. वडील असते तर तेच म्हणाले असते.

तो म्हणाला, "दोन्ही डाव्या म्हणाली?"

"हं."

"आजपतूर कुणी एक जोड बी परत आणून टाकली न्हाई." मग थोड्या वेळानं, "तू म्हणालीस न्हवं तिला तोंडावर?"

"नुसतं तिला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले."

"मग बास."

बस सुटली. घरी जाऊन मी स्वयंपाक केला, नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघ तुला जमेल तसं. मेल लिहिली नाही. झोपले. झोप लागली, हे मुद्दाम सांगते. अपमान झाला की माणसानं रात्रभर जागायचं असतं असा समज आहे. मी खूप वर्षं जागले आहे, वडिलांच्या वाट्याचंही. आता जागायची पाळी माझी नव्हती.

बुधवारी सकाळी नेहमीच्या बसनं ऑफिसात गेले. डब्यात चटणी माझ्यापुरतीच होती. स्कॅनिंगच्या टेबलावर गेले नाही. माझ्या खुर्चीत बसले, माझा संगणक सुरू केला. कुणी तरी उठवायला येईल तेव्हा येईल. कालचीच फाइल उघडली. पुढचा नकाशा आला. एक पट्टी, दोन ठिकाणी वाकलेली, भोकं आरपार. कोपरा फाटलेला. खूण नाही.

मी उभी राहिले. मृणाल चार टेबलं पलीकडे होती. सर कॉफी घेऊन दारातून आत येत होते. मी तिच्या टेबलाशी गेले नाही. जागेवरूनच बोलले, हिंदीत, सगळ्यांना कळेल अशा आवाजात.

"मृणाल मॅडम, इस ड्रॉइंग में सिंबल नहीं है. फर्स्ट अँगल या थर्ड?"

सगळ्यांच्या माना वर आल्या. ती मराठीत म्हणाली, "अक्का, इकडे या ना, बघते."

"यहीं से बोलिए," मी म्हटलं. "सबके सामने. और मुझे अक्का मत बोलिए."

सर दारात कप धरून उभे होते. निखिलनं टायपिंग थांबवलं होतं. मृणालनं एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. उत्तर द्यायचं म्हणजे तिला नकाशा बघावा लागणार होता.

मी माउसवरचा हात काढून घेतला होता. उत्तर येईपर्यंत एक रेघही ओढणार नव्हते. आज नाही, उद्या नाही, आणि पुढे ज्या कुठल्या टेबलावर बसवतील तिथंही नाही.

मी उभीच राहिले.